एक व्होल्ट, एक सप्तक

मैफलीत गायक बदलला की पट्टी बदलते. आधीच्या गायकाचा सा काळी एकचा असेल आणि नंतरच्या गायिकेचा काळी पाचचा, तर पेटीवादक फारसा विचार न करता दुसऱ्या पट्टीला सा मानून वाजवू लागतो. राग तोच राहतो, चाल तीच राहते. सगळे स्वर मात्र सारख्याच अंतराने वर सरकतात.

‘सारख्याच अंतराने’ हे शब्द आपण सहज वापरले, पण विज्ञानाच्या शिक्षकाने येथे थोडे थांबायला हवे. वारंवारतेच्या हिशेबात ही अंतरे सारखी नसतात. खालच्या सा ची वारंवारता २२० हर्ट्झ असेल, तर वरच्या सा ची ४४० आणि त्याच्याही वरच्या सा ची ८८० हर्ट्झ असते. पहिले अंतर २२० चे, दुसरे ४४० चे. कानाला मात्र दोन्ही अंतरे एकसारखीच वाटतात, कारण आपला कान वजाबाकी करीत नाही, तो गुणोत्तर पाहतो.

विजेवर चालणारे वाद्य बनवायचे तर कानाचा हा स्वभाव विजेच्या भाषेत उतरवावा लागतो. तो कसा उतरवला गेला, आणि त्यामुळे अनेक देशांतील हौशी मंडळींना घरच्या टेबलावर सिंथेसायझरचे भाग बनवणे कसे शक्य झाले, त्याची हकीकत येथे सांगायची आहे. ही हकीकत जितकी एका वाद्याची आहे, तितकीच ती एका छोट्या कराराची आहे : एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक.

सुट्या भागांचे वाद्य

मॉड्युलर सिंथेसायझर हे वाद्य प्रथमदर्शनी वाद्य वाटतच नाही. ते जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारखे दिसते. एका चौकटीत धातूच्या उभ्या पट्ट्या बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टीवर काही गोल बटणे आणि काही सॉकेट असतात, आणि या सॉकेटमधून त्या सॉकेटमध्ये वायरी खोचलेल्या असतात. प्रत्येक पट्टीमागे एक स्वतंत्र विद्युतमंडल असते. पट्टी आणि तिच्यामागचे मंडल मिळून होते एक मॉड्यूल.

प्रत्येक मॉड्यूलचे काम ठरलेले असते. ऑसिलेटर कंपने निर्माण करतो. फिल्टर त्या कंपनांतील काही वारंवारता गाळून आवाजाची जात बदलतो. अँप्लिफायर आवाज लहानमोठा करतो. आणखी एक मॉड्यूल स्वतः आवाज काढत नाही. ते केवळ ठरावीक वेळात चढणारे आणि उतरणारे व्होल्टेज पुरवते. सतारीची तार छेडली की आवाज एकदम उठतो आणि हळूहळू विरतो. बासरीचा सूर फुंकर असेपर्यंत टिकतो. हा फरक दाखवण्याचे काम या चौथ्या मॉड्यूलचे.

यातील खरी मेख अशी, की यातले कोणतेही महत्त्वाचे बटण हाताने फिरवण्याऐवजी त्याचे काम दुसऱ्या मॉड्यूलमधून आलेल्या व्होल्टेजकडून करवून घेता येते. यालाच व्होल्टेज-नियंत्रण म्हणतात. पण त्यासाठी एक अट आहे. पाठवणाऱ्या मॉड्यूलने पाठवलेल्या एका व्होल्टचा अर्थ घेणाऱ्या मॉड्यूलला तसाच कळला पाहिजे. मोजमाप समान नसेल, तर दोन ठिकाणी बनलेली मॉड्यूल एकमेकांशी बोलू शकणार नाहीत.

घरातून झालेली सुरुवात

व्होल्टेज-नियंत्रणाची कल्पना वापरणारे पहिले मोठे उदाहरण कॅनडातले आहे, आणि ते घरी बनलेले आहे. ह्यू ले केन हे भौतिकशास्त्रज्ञ ओटावा येथील नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये नोकरीला होते. १९४५ साली त्यांनी स्वतःच्या घरी एक वाद्य बनवायला घेतले. ‘इलेक्ट्रॉनिक सॅकबट’ हे त्याचे नाव. १९४८ पर्यंत त्याचा पहिला नमुना उभा राहिला. त्याची पट्टी दाबावी तसा आवाज मोठा होई, बाजूला रेटली तर सूर हलके वर-खाली सरके, आणि डाव्या हाताने आवाजाची जात बदलता येई. या सगळ्या हालचालींचे रूपांतर व्होल्टेजमध्ये होत होते. पुढे १९५४ मध्ये त्यांच्या संस्थेने त्यांना हेच काम पूर्ण वेळ करण्याची मुभा दिली. रात्री घरी चाललेला छंद दिवसाचे संशोधन झाला.

दुसरे घर न्यूयॉर्क शहरातले. रॉबर्ट मूग यांचा जन्म १९३४ चा. वडील वीज कंपनीत इंजिनिअर होते आणि घरात त्यांची छोटी कार्यशाळा होती. शाळकरी वयातच मूग यांनी हौशी लोकांच्या मासिकातील आकृती पाहून ‘थेरेमिन’ हे वाद्य बनवले. रशियन शास्त्रज्ञ थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास शोधलेल्या या वाद्याला स्पर्शही करावा लागत नाही. त्याच्या अँटेनांजवळ हात हलवला की सूर बदलतो. १९५४ साली, विशीच्या उंबरठ्यावर असताना, मूग यांनी थेरेमिन कसे बनवावे यावर स्वतःच एक लेख लिहिला आणि वडिलांबरोबर थेरेमिन विकण्याचा छोटा उद्योग सुरू केला. जानेवारी १९६१ मध्ये ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरेमिनची कृती त्यांनी ‘इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड’ मासिकात प्रसिद्ध केली. त्याचे सुटे भाग किटच्या रूपात ४९.९५ डॉलरला ते राहत्या घरातून पाठवीत असत, आणि असे सुमारे एक हजार किट खपले. त्या वेळी ते कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेटचे विद्यार्थी होते. ती पदवी मिळायला १९६५ साल उजाडले, यात नवल नाही!

पुढची गाठभेट आपल्या वाचकांना विशेष आवडेल, कारण ती शाळांतील संगीत शिक्षकांच्या संमेलनात झाली. १९६३ च्या अखेरीस रॉचेस्टर येथील या संमेलनात मूग आपली थेरेमिने मांडून बसले होते. तेथे हर्बर्ट डॉइच हे संगीतकार आणि महाविद्यालयातील शिक्षक त्यांना भेटले. इलेक्ट्रॉनिक संगीत करणे त्या काळी फार कष्टाचे होते. प्रयोगशाळेतील ऑसिलेटरचा आवाज टेपवर घ्यायचा, टेपचे तुकडे कापायचे आणि ते एकापुढे एक चिकटवायचे. एका मिनिटाच्या संगीतासाठी दिवसच्या दिवस जात. डॉइच यांना सरकणारे, फुलणारे, हाताने वाजवता येणारे आवाज हवे होते.

१९६४ च्या उन्हाळ्यात दोघे ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावी मूग यांच्या कार्यशाळेत बसले. आवाजाचा उठाव आणि उतार सुरू करायला काहीतरी कळ हवी होती, म्हणून डॉइच समोरच्या दुकानातून दाराच्या घंटीचे बटण घेऊन आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात मूग यांनी आपल्या व्होल्टेज-नियंत्रित मॉड्यूलवर निबंध वाचला. १९६५ साली तो सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डोनाल्ड बुकला हेही याच सुमारास, मूग यांच्यापासून स्वतंत्रपणे, सॅन फ्रान्सिस्कोतील संगीतकारांसाठी मॉड्यूल बनवीत होते.

एकच व्होल्ट का?

मूग यांनी स्वीकारलेला नियम असा : ऑसिलेटरला दिलेले व्होल्टेज एका व्होल्टने वाढवले की वारंवारता दुप्पट व्हावी, म्हणजेच सूर एक सप्तक वर जावा. सप्तकात बारा स्वर, म्हणून पेटीच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत एक व्होल्टचा बारावा भाग, सुमारे ८३ मिलिव्होल्ट.

या नियमाचे महत्त्व कळण्यासाठी दुसरा मार्गही पाहू. वारंवारता व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात ठेवली तर? तेही शक्य आहे, आणि काही कंपन्यांनी तसे केले. जपानमधील कोर्ग कंपनीचा १९७८ चा एमएस-२० हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. या पद्धतीत पहिले सप्तक १ ते २ व्होल्टमध्ये बसते, दुसऱ्याला २ ते ४ लागतात, तिसऱ्याला ४ ते ८. खालचे स्वर दाटीवाटीने बसतात, वरचे ऐसपैस. खरी अडचण पट्टी बदलताना येते. सरळ प्रमाणाच्या पद्धतीत सगळी चाल वर न्यायची तर प्रत्येक व्होल्टेजला एकाच संख्येने गुणावे लागते. मूग यांच्या पद्धतीत नुसती बेरीज पुरते. आणि विद्युतमंडलात बेरीज करणे फार सोपे आहे : एक अँप्लिफायर आणि थोडे रेझिस्टर असले की झाले. गुणाकाराचे मंडल त्या मानाने अवघड आणि महाग.

लॉग टेबलाचा उपयोग आपण वर्गात असाच शिकवत आलो आहोत. मोठमोठे गुणाकार टाळण्यासाठी लॉगरिदम काढायचे आणि त्यांची बेरीज करायची. एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक हा नियम म्हणजे धातूच्या पट्टीमागे बसवलेले लॉग टेबलच होय. आरंभीच्या उदाहरणात काळी एकवरून काळी पाचवर जायला नऊ स्वरांचे अंतर होते. बाराचे नऊ भाग म्हणजे पाऊण. कितीही लांबलचक चाल असो, तिच्यात पाऊण व्होल्ट मिळवला की ती पूर्णपणे गायिकेच्या पट्टीत जाते.

वर्गात करून पाहा

हा मुद्दा कानाला पटवण्यासाठी एक स्वस्त प्रयोग सुचवतो. त्यासाठी ५५५ हा आयसी घ्यावा. तो १९७२ साली बाजारात आला आणि आजही अगदी थोड्या पैशांत मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात हे सगळे भाग एका फेरीत मिळतील.

आयसीचा पाय १ नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा. पाय ४ आणि ८ धन टोकाला. पाय ८ आणि ७ यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. पाय ७ आणि ६ यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० किलोओहमचा लिनिअर पॉट एकसर जोडणीत घाला. पाय ६ आणि २ एकमेकांना जोडा. पाय २ आणि १ यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवा. पाय ३ पासून १०० ओहमचा रेझिस्टर, पुढे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (त्याचे धन टोक पाय ३ च्या बाजूला) आणि त्यापुढे ८ ओहमचा लहान स्पीकर. स्पीकरचे दुसरे टोक पाय १ ला. ब्रेडबोर्डवर हे सारे अर्ध्या तासात जुळते, डागही द्यावा लागत नाही.

पॉट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला की सूर साधारण ६५ हर्ट्झपासून ६८५ हर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे सव्वातीन सप्तकांहून थोडा अधिक. आता विद्यार्थ्यांना पॉटभोवती कागदाची तबकडी लावून प्रत्येक सप्तकाची खूण करायला सांगा. पहिले सप्तक पूर्ण व्हायला पॉटचा निम्म्याहून अधिक फेरा लागेल. दुसऱ्याला उरलेल्याच्या निम्म्याहून थोडा अधिक, तिसऱ्याला त्याहूनही कमी. शेवटच्या भागात बोट जरासे हलले तरी सूर उडी मारेल. पॉट समान वाढीने फिरतो आहे, कान गुणोत्तराने ऐकतो आहे. या दोघांमध्ये एका दुभाष्याची गरज आहे, हे विद्यार्थ्याला न सांगता कळते.

ट्रान्झिस्टरची देणगी आणि खोड

हा दुभाष्या निसर्गाने आयता दिला आहे. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर यांच्यामधील व्होल्टेज वाढवले की कलेक्टरमधील प्रवाह घातांकी नियमाने वाढतो. खोलीच्या तापमानाला दर १८ मिलिव्होल्ट वाढीला प्रवाह दुप्पट होतो. मग काम सोपे : बाहेरून आलेल्या एका व्होल्टचे दोन रेझिस्टर वापरून १८ मिलिव्होल्ट करायचे, ते ट्रान्झिस्टरला द्यायचे आणि मिळालेल्या प्रवाहाने ऑसिलेटर चालवायचा. एक व्होल्ट वाढला, प्रवाह दुप्पट झाला, सूर एक सप्तक चढला.

पण या देणगीबरोबर एक खोड येते. प्रवाह तोच ठेवायचा तर तापमानाच्या प्रत्येक अंशामागे ट्रान्झिस्टरला लागणारे व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होते. व्होल्टेज न बदलता ट्रान्झिस्टर एक अंशाने तापला, तर जणू २ मिलिव्होल्ट जादा दिल्यासारखे होते. अठरापैकी दोन म्हणजे सप्तकाचा नववा भाग, एका पट्टीहून अधिक! अशा उघड्या मंडलातील ट्रान्झिस्टरवर नुसते बोट ठेवले तरी सूर चढू लागतो. तंबोऱ्याच्या तारा हवेने उतरतात हे आपण ऐकतो. येथे अंगाची ऊबही पुरते.

यावरचा पहिला उपाय मोठा मार्मिक आहे. अगदी सारखे दोन ट्रान्झिस्टर घ्यायचे आणि एकमेकांना चिकटवून ठेवायचे. दोघे बरोबरच तापतात. मंडलाची रचना अशी करायची की एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीतून वजा व्हावी. तरीही एक चूक उरतेच. ते १८ मिलिव्होल्टसुद्धा स्थिर नाहीत. ते केल्विन तापमानाच्या सरळ प्रमाणात बदलतात. खोलीचे तापमान सुमारे ३०० केल्विन, म्हणून एका अंशामागे ३०० त एक भाग, सुमारे ०.३३ टक्के. ही चूक क्षुल्लक वाटते. पण सकाळपासून दुपारपर्यंत तापमान १० अंशांनी वाढले, तर मूळ स्वरापासून तीन सप्तके म्हणजे ३६ पट्ट्या दूर असलेला स्वर ३६ च्या ३.३ टक्क्यांनी, म्हणजे १.२ पट्टीने चुकेल. म्हणून दुसरा उपाय : व्होल्टेज विभागणाऱ्या जोडीतील एक रेझिस्टर असा घ्यायचा की ज्याचा रोध अंशामागे याच प्रमाणात वाढतो. तो त्या ट्रान्झिस्टरच्या जोडीवरच चिकटवायचा.

बारावीच्या पुस्तकात अर्धवाहकाच्या धड्यात तापमानाचा परिणाम एका ओळीत येतो. घरी ऑसिलेटर बनवणाऱ्याला ती ओळ कानाने ऐकावी लागते.

मासिके, किट आणि स्वयंपाकघरातील टेबले

१९६८ साली संगीतकार कार्लोस यांनी मूगच्या यंत्रावर बाखच्या रचना वाजवून ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही ध्वनिमुद्रिका काढली आणि सिंथेसायझर हा शब्द घरोघरी पोहोचला. मात्र वाद्य घरोघरी पोहोचणे शक्य नव्हते, कारण त्याची किंमत हजारो डॉलर होती. तेव्हा मूग ज्या वाटेने आले होते, त्याच वाटेने इतर लोक निघाले.

ओक्लाहोमा येथील जॉन सायमन्टन यांनी १९६७ मध्ये ‘पाया’ ही किट विकणारी कंपनी काढली, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने सिंथेसायझर मॉड्यूलची किट आणली. ही सुरुवातीची मॉड्यूल सरळ प्रमाणाच्या पद्धतीची होती. घातांकी मंडल आणि त्याची तापमानाची कटकट टाळल्याने ती स्वस्त झाली. पण एक व्होल्टच्या नियमाने चालणाऱ्या ऑसिलेटरशी त्यांचा मेळ सहज बसत नसे. स्वस्ताईची ही किंमत होती.

१९७२ साली कॉर्नेलच्या गावी, इथाका येथे, बर्नी हचिन्स यांनी ‘इलेक्ट्रोनोट्स’ नावाचे वार्तापत्र सुरू केले. वाद्यांसाठी लागणारी मंडले, त्यांमागचे गणित आणि वाचकांनी केलेल्या सुधारणा हा त्याचा विषय. इंग्लंडमध्ये १९७३ साली ‘प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाने पूर्ण सिंथेसायझर बनवण्याची लेखमाला छापली. कॅलिफोर्नियातील कला महाविद्यालयात महागडे बुकला यंत्र वापरायला विद्यार्थ्यांना पुरेसा वेळ मिळत नसे. तेथे शिकवणारे संगीतकार सर्ज चेरेपनिन यांनी १९७३ च्या सुमारास विद्यार्थ्यांना जमवून कमी खर्चाची मॉड्यूल स्वतःच बनवायला सुरुवात केली. युरोपात १९७७-७८ मध्ये ‘इलेक्टॉर’ मासिकाने ‘फॉर्मंट’ हा मॉड्युलर सिंथेसायझर क्रमशः प्रसिद्ध केला. त्यात एक व्होल्ट-एक सप्तक हाच नियम होता, आणि पीसीबीच्या आकृत्याही छापल्या होत्या.

या लेखांच्या वाचकांना दुकानातून वीस-वीस ट्रान्झिस्टर आणून त्यातून सारखी जोडी मोजून निवडावी लागे. डाग कच्चा राहिला तर रात्रभर दोष शोधावा लागे. अर्धवट राहिलेल्या यंत्रांची संख्या पुऱ्या झालेल्यांपेक्षा कमी नसावी, असे आम्हाला वाटते. पण ज्याने एकदा दोष शोधला, त्याला ते मंडल कायमचे कळले.

पेटंटचा मुद्दाही येथे पाहण्यासारखा आहे. मूग यांनी आपल्या प्रसिद्ध फिल्टरचे पेटंट घेतले; ते १९६९ मध्ये मंजूर झाले. त्या फिल्टरसारखे मंडल वापरल्यावरून एआरपी कंपनीशी वाद झाला आणि त्या कंपनीला आपले मंडल बदलावे लागले. एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक या मोजमापाला मात्र असे कुंपण पडले नाही. फिल्टर ज्याचा त्याचा वेगळा असू शकतो. मोजमाप सर्वांचे एक असावे लागते. मीटर आणि किलोग्रॅम यांचा इतिहास शिकवताना आपण हेच सांगतो.

अहमदाबादचे यंत्र

मूगचे एक यंत्र याच काळात भारतातही आले होते. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तेथे मूगचा मॉड्युलर संच बसवून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर रचना केल्या. १९७२ पर्यंतच्या या टेप पुढे संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. लंडनचे कलावंत पॉल पुर्गस यांनी त्या उजेडात आणल्या आणि २०२३ साली त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. त्या ऐकताना आपल्या देशातील पन्नास वर्षांपूर्वीचे धाडस पाहून अभिमान वाटतो.

त्याबरोबर एक हुरहूरही लागते. यंत्र आले, कलावंत होते, काम चांगले झाले. पण परंपरा उभी राहिली नाही. आमच्या मते याचे एक कारण असे, की ट्रुमन्सबर्गला यंत्राभोवती जे होते ते खोक्यात भरून पाठवता येत नाही : दुरुस्ती करणारा शेजारी, हाताशी असलेले सुटे भाग, छापील आकृत्या आणि त्यांवर वाद घालणारे वाचक. घरी रेडिओ जुळवणारे हौशी लोक तेव्हा आपल्याकडेही होते. ‘इलेक्टॉर’ची भारतीय आवृत्ती १९८० च्या दशकात मुंबईहूनच निघत असे. पण तोवर जगाचे वारे फिरले होते.

झाकण बंद झाले, पुन्हा उघडले

१९७० मध्ये आलेल्या मिनीमूगमध्ये मॉड्यूल आतल्या आत कायमची जोडलेली होती. वायरी खोचण्याचा त्रास गेला, तसे स्वातंत्र्यही कमी झाले. १९८० च्या सुमारास डग कर्टिस यांनी संपूर्ण ऑसिलेटर, तापमानाच्या दुरुस्तीसकट, एकाच आयसीमध्ये बसवला. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथेसायझर आला. तो हलका होता, स्वस्त होता आणि त्याचा सूर उन्हाने ढळत नसे. त्याच वर्षी वाद्यांना एकमेकांशी जोडणारा मिडी हा अंकांचा करार झाला. घरी डाग देत बसणाऱ्यांची गरजच उरली नाही असे वाटू लागले. वादकांच्या दृष्टीने ही प्रगतीच होती. पण या नव्या पेटीचे झाकण उघडून काही समजण्याची शक्यता फार कमी झाली.

१९९५ साली जर्मनीत डीटर डॉप्फर यांनी ए-१०० ही नवी मॉड्युलर मालिका आणली. तिच्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेतील उपकरणांच्या चौकटीचेच माप उचलले : उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, वीज पुरवठा अधिक-उणे १२ व्होल्ट. सूर अर्थातच एक व्होल्टला एक सप्तक. ही मापे सर्वांसाठी खुली असल्यामुळे इतर अनेक लहान कारागीर त्याच चौकटीत बसणारी मॉड्यूल बनवू लागले, आणि घरी बनवणाऱ्यांची नवी पिढी उभी राहिली. अमेरिकेतील रे विल्सन यांच्या आकृत्या पाहून अनेकांनी आपले पहिले मॉड्यूल बनवले. त्यांचे पुस्तक २०१३ साली निघाले. कर्टिस यांचा ऑसिलेटरचा आयसी २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आला. आज कोणी घरी बनवलेल्या ऑसिलेटरची वायर जर्मनीत बनलेल्या फिल्टरमध्ये खोचली, तर ते वाद्य वाजते. दोघांची कधी भेट झालेली नसते. त्यांच्यात असतो फक्त १९६४ पासून चालत आलेला करार.

आपल्या शाळेतील मुलांच्या हातात आता असे फोन असतात, ज्यांत हवा तो सिंथेसायझर फुकट वाजतो. मग हा खटाटोप कशासाठी? फोनमधील सूर कधीच ढळत नाही, म्हणून तो का ढळत नाही हा प्रश्नही कोणाला पडत नाही. ५५५ आणि पॉट घेऊन बसलेल्या मुलाला मात्र सप्तकाच्या खुणा असमान पडलेल्या दिसतात, आणि तो विचारतो, ‘सर, असे का?’ त्या प्रश्नापासून लॉगरिदम, अर्धवाहक, केल्विनचे तापमान आणि पेटीची पट्टी असा सगळा प्रवास एका तासिकेत करता येतो. रॉबर्ट मूग यांचा प्रवासही असाच कोणाच्या तरी छापील आकृतीवरून, घरातल्या टेबलावर सुरू झाला होता. येत्या शनिवारी ब्रेडबोर्ड, बॅटरी आणि स्पीकर घेऊन वर्गात जावे, इतकेच आमचे सांगणे आहे.